जवारी लावायची कोणी?

डिजिटल पियानोविषयी आपल्याकडे दोन मते आढळतात, आणि ती बाळगणारी मंडळी एकमेकांना तुच्छ लेखतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की या यंत्राला आत्मा नाही. पट्टी दाबली की आधीच कुठेतरी मुद्रित करून ठेवलेला स्वर बाहेर पडतो, त्यात वादकाचे ते काय? दुसरा पक्ष दुकानदाराच्या भाषेत बोलतो : वायर जोडा, बटण दाबा आणि वाजवायला लागा, बाकीचे सारे कारखान्यातूनच बसवून आलेले आहे. पहिल्या पक्षात बहुधा गाण्याबजावण्यातली जुनी, व्यासंगी माणसे असतात. दुसऱ्या पक्षात मुलाला क्लासला घातलेले पालक, स्टेजवर साथ करणारे उत्साही तरुण आणि खुद्द विक्रेते.

या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र संपूर्ण एकमत आहे. वाद्याच्या मेनूत दडलेली जी सेटिंग्ज असतात, म्हणजे टच, पेडल, चॅनल, लोकल कंट्रोल, टेम्परामेंट वगैरे, त्यांचा संगीताशी काही संबंध नाही, असे दोघेही मानतात. पहिल्याला ती यंत्राची भानगड वाटते, दुसऱ्याला कारखान्याची जबाबदारी. दोघेही तो मेनू उघडत नाहीत. आमचा आक्षेप या एकमतावर आहे. आमचे म्हणणे असे, की त्या मेनूतला प्रत्येक आकडा हा कोणीतरी, कधीतरी, कोणत्यातरी संगीतासाठी घेतलेला सांगीतिक निर्णय आहे. आणि जो वादक तो निर्णय स्वतः घेत नाही त्याच्या वतीने तो परस्पर घेतला जातो. मग ज्याला आत्म्याचा अभाव म्हणतात तो पुष्कळदा न उघडलेल्या मेनूचा परिणाम असतो.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून जवारी लावणारा गायक पाहिला, की त्याला कोणी 'तुम्ही गवई की मिस्त्री?' असे विचारीत नाही. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून जवारी कितीही उत्तम काढून दिलेली असो, मैफलीआधीचा तो दोरा गायकालाच किंवा त्याच्या शिष्यालाच लावावा लागतो. ते काम गाण्याच्या बाहेरचे आहे असे आपल्या परंपरेने कधीच मानले नाही. उलट तंबोरा जुळवता येणे ही शिक्षणाची पहिली पायरी समजली गेली. तबलजीने गट्ठ्यावर हातोडी मारली म्हणून तो सुतार ठरत नाही. मग पट्टीच्या स्पर्शाचा वक्र निवडणारा वादकच तेवढा 'टेक्निकल' का ठरावा? दोरा आणि मेनू यांत एक फरक आहे हे आम्हास मान्य आहे. दोरा सरकला की कानाला ताबडतोब कळते. मेनूतला आकडा बदलला तर काय बदलले हे ऐकू यायला थोडी तयारी लागते. पण ही तयारी कानाची आहे, आणि ती संगीतवाल्याने करायची नाही तर कोणी?

आता मिडी या प्रकाराकडे येऊ, कारण गैरसमजांचे मूळ तिथे आहे. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. जाते ती केवळ बातमी : अमुक पट्टी, अमुक वेगाने, खाली गेली, अमुक पट्टी सुटली, अमुक पेडल इतके दाबले. ही भाषा ठरवण्याचे प्रयत्न १९८१ साली सुरू झाले. सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी त्या वर्षी एक प्रस्ताव मांडला आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी जपानी उत्पादकांना त्यामागे उभे केले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका वायरने जोडली गेली आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. प्रतिस्पर्ध्यांनी एक भाषा मान्य करावी आणि ती चाळीसहून अधिक वर्षे टिकावी, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात फारसे घडत नाही. या दोघांना त्यासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी देण्यात आले.

परंतु ती भाषा कोणासाठी घडली होती हे विसरून चालणार नाही. ती सिंथेसायझरसाठी घडली होती. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, चॅनल सोळा, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्टीला ० ते १२७ एवढेच आकडे. मधला 'सी' म्हणजे ६०. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो त्यात २१ ते १०८ या आकड्यांत बसतो. पट्टी दाबल्याची एक बातमी पोचायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. (संगणकाला जोडल्यावर स्वर उशिरा उमटतो म्हणून मिडीला शिव्या देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. उशीर बहुधा संगणकातल्या ध्वनीच्या बफरमुळे होतो. तो ५१२ नमुन्यांवर ठेवला असेल तर साध्या ४४,१०० च्या दराने तिथेच अकरा-बारा मिलिसेकंद गेले. बफर १२८ वर आणा आणि मग तक्रार करा.) सांगायचा मुद्दा असा, की पियानोसारख्या वाद्याचा सारा व्यवहार या तुटपुंज्या आकड्यांत कसा बसवायचा, हे ठरवण्याची जागा म्हणजेच सेटिंग्जचा मेनू.

स्पर्शाचेच घ्या. डिजिटल पियानोच्या पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात, वरच्या दर्जाच्या वाद्यांत तीन. पट्टी खाली जाताना पहिला संपर्क आणि दुसरा संपर्क यांच्यामध्ये किती वेळ गेला एवढेच वाद्य मोजते. बोटात किती 'वजन' होते हे त्याला कळत नाही, कळतो तो वेग. म्हणून तर त्या आकड्याला वेलॉसिटी म्हणतात. हा आकडा १ ते १२७ असतो. शून्य वेलॉसिटीची बातमी म्हणजे पट्टी सुटली असा अर्थ घेतला जातो, आणि ज्या वाद्याला वेग मोजताच येत नाही ते सरसकट ६४ पाठवते. आता मोजलेल्या वेळाचे आकड्यात रूपांतर कोणत्या प्रमाणात करायचे? हलक्या स्पर्शाला ३० द्यायचे की ५०? मध्यम स्पर्श ६४ वर आणायचा की ८० वर? हे ठरवणारा वक्र म्हणजे 'टच' नावाचे सेटिंग, आणि लाइट, मीडियम, हेवी, फिक्स्ड ही त्याची रूढ नावे.

या नावांनी जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. 'हेवी' निवडले की पट्ट्या जड होतात अशी अनेकांची समजूत असते. पट्टीचे वजन तसूभरही बदलत नाही. 'हेवी'मध्ये मोठा आवाज काढण्यासाठी जोरकस आघात लागतो, 'लाइट'मध्ये बोट नुसते टेकले तरी आवाज मोठा निघतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'फिक्स्ड'मध्ये कसेही वाजवा, आवाज सारखाच. कारखान्यातून वाद्य येते ते 'मीडियम'वर. हे मीडियम कोणाच्या हाताचे? पियानो शिकलेल्या एका सरासरी प्रौढ हाताचे. सात वर्षांच्या मुलीचा हात आणि तीस वर्षे पेटीवर मुरलेला हात, हे दोन्ही त्या सरासरीच्या बाहेर आहेत.

आमच्या परिचयातल्या एका शिकवणीत भिंतीलगत चार डिजिटल पियानो ओळीने मांडलेले होते आणि चारांचे टच वेगवेगळे होते, कारण कोणा विद्यार्थ्याने कधी काय दाबून ठेवले याचा हिशेब कोणाकडे नव्हता. मुले आठवड्याला जो रिकामा मिळेल त्यावर बसत. एकाच मुलाला एका आठवड्यात 'बोटात जीव नाही' आणि पुढच्या आठवड्यात 'धसमुसळेपणा करू नकोस' असे ऐकावे लागे. शिक्षिका मनापासून शिकवणाऱ्या होत्या, त्यांचा कानही चांगला होता. पण त्या जे ऐकत होत्या ते निम्मे मुलाचे होते आणि निम्मे मेनूचे. अशा मुलाने दोन वर्षांनी 'मला संगीत जमत नाही' असा निष्कर्ष काढला तर तो दोष कोणाच्या पदरात घालायचा? आम्हास ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. वाद्याला आत्मा आहे की नाही यावर परिसंवाद भरतात. मुलाच्या हाताखालच्या वाद्याचा वक्र कोणता, हे पाहायला कोणी वाकत नाही.

वाकून पाहणे अवघडही नाही. वाद्य यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडावे, येणारे मिडी संदेश दाखवणारा एखादा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडावा, आणि आधी शक्य तितके हळू, मग शक्य तितके जोरात, एकेक सप्तक वाजवावे. हळू वाजवताना आकडा ४० च्या खाली येतच नसेल, किंवा जीव तोडून वाजवले तरी ९० च्या वर जात नसेल, तर वक्र त्या हाताचा नाही. एक पायरी बदलून पुन्हा वाजवावे. इथे एक सापळा आहे. संगणकातल्या पियानोच्या सॉफ्टवेअरलाही स्वतःचा वक्र असतो. वाद्याने एकदा वाकवलेला आकडा सॉफ्टवेअर पुन्हा वाकवते, आणि मग 'हजारो रुपये खर्चून मैफिलीच्या पियानोचे नमुने घेतले तरी निर्जीव वाटते' अशी तक्रार उगवते. दोहोंपैकी एक वक्र सरळ ठेवावा आणि दुसराच काय तो बदलावा. आणखी एक : आवाजाची कळ आणि स्पर्श यांची गल्लत करू नये. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज अगदी लहान करून सराव करणारा माणूस नकळत पट्ट्या बडवू लागतो, आणि त्याची ती सवय खऱ्या पियानोसमोर बसल्यावर सगळ्यांना ऐकू येते. त्यावर उपाय हेडफोन हा आहे, टच हा नाही.

पेडलची कथा याहून करुण. खऱ्या पियानोचे उजवे पेडल म्हणजे विजेचे बटण नव्हे. ते जसजसे दाबावे तसतसे तारांवरचे दाबक थोडेथोडे उचलले जातात. अर्धे दाबून स्वर अर्धवट विझवता येतात, पाव दाबून नुसती ओल ठेवता येते. डेब्यूसीचे संगीत वाजवणाऱ्याचा पाय त्याच्या हाताइतकाच शिकलेला असावा लागतो तो यासाठी. मिडीत हे पेडल म्हणजे कंट्रोलर क्रमांक ६४. मूळ नियम असा, की ० ते ६३ म्हणजे पेडल वर आणि ६४ ते १२७ म्हणजे पेडल खाली. एकशे अठ्ठावीस आकड्यांची सोय, आणि तिचा अर्थ हो किंवा नाही एवढाच! पुढे पुष्कळ उत्पादकांनी मधल्या आकड्यांना अर्थ दिला आणि अर्धपेडल शक्य झाले. परंतु त्यासाठी तीन गोष्टी एका रेषेत याव्या लागतात. पेडल स्वतः सलग माप देणारे हवे. वाद्यासोबत फुकट येणारा चौकोनी खटका बहुधा तसा नसतो. वाद्याच्या मेनूत त्या पेडलचा प्रकार तसा सांगितलेला हवा. आणि ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरला अर्धपेडल समजायला हवे. यांतले एक जरी हुकले तरी उरलेली दोन फुकट जातात, आणि पायाखाली पुन्हा तोच हो-नाहीचा खटका उरतो. विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे त्या खटक्यावर घडवायचे आणि परीक्षेच्या दिवशी लाकडी पियानोसमोर बसवून 'पेडल चिखल करते' म्हणून गुण कापायचे, याला आम्ही अन्याय म्हणतो.

पेडल उलटे चालण्याचा प्रकारही अनेकांनी अनुभवला असेल : पाय उचलला की स्वर लांबतात, दाबला की तुटतात. कंपन्यांचे पेडल दोन विरुद्ध तऱ्हेने जोडलेले असतात. एकीच्या खटक्यात न दाबता विद्युतमार्ग बंद असतो, दुसरीच्या खटक्यात उघडा. अनेक वाद्ये चालू होतानाच पेडलची स्थिती पाहून ही दिशा ठरवून टाकतात. त्यामुळे चालू करताना पाय पेडलवर असेल तर सारा कार्यक्रम उलटा. पाय काढून वाद्य बंद-चालू केले की बहुधा काम होते, नाही तर मेनूत पोलॅरिटी बदलावी लागते. दुरुस्तीच्या दुकानात नेण्याचे काहीच कारण नसते.

लोकल कंट्रोलविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. हा कंट्रोलर क्रमांक १२२. तो चालू असताना पट्टी आपल्याच वाद्याचा आवाज वाजवते. संगणक जोडला आणि त्यानेही तीच बातमी वाद्याकडे परत पाठवली, की प्रत्येक स्वर दोनदा वाजतो. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो आणि एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या निम्म्यावर येते. लोकल बंद करावे, किंवा संगणकाचे परत पाठवणे बंद करावे. 'डिजिटल आवाज तो डिजिटलच' हे सुभाषित आम्ही ज्या ज्या घरांत ऐकले आहे त्यांतल्या काहींत तरी आत्म्याचा प्रश्न इतक्यावरच सुटला असता. असो.

यापुढचा भाग आम्हा मराठी माणसांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्या घरांत पट्ट्यांचे वाद्य आले ते पियानोच्या रूपाने नव्हे, पेटीच्या रूपाने. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंतची परंपरा ज्या हातांनी घडवली, ते हात पियानोचे नव्हते. पेटीत पट्टी केवळ वाट उघडते. आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. बोटाचा वेग तिथे स्वराच्या जोरात भर घालत नाही. स्वर कोणता हे उजव्या हाताने सांगायचे आणि तो किती, कसा हे डाव्या हाताने, अशी ही श्रमविभागणी आहे. आणि गंमत पाहा, मिडीच्या भाषेत हीच विभागणी आधीपासून आहे! वेलॉसिटी ही आघाताच्या क्षणी एकदाच सांगितली जाते. त्यानंतर स्वर फुगवायचा किंवा उतरवायचा असेल तर त्यासाठी कंट्रोलर क्रमांक ११ आहे, एक्स्प्रेशन नावाचा. म्हणजे भाताच. क्रमांक ७ हा व्हॉल्यूम. तो मैफिलीआधी एकदा ठरवून सोडायचा, आणि वाजवताना श्वास घ्यायचा तो ११ वर. पेटीवाल्याने डिजिटल पियानोवर पेटीचा किंवा ऑर्गनचा आवाज निवडताना टच 'फिक्स्ड' करावा, एक्स्प्रेशन पेडल जोडावे आणि ते ११ ला बांधावे. वाद्याला एक्स्प्रेशन पेडलची जागा आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. असे न करता टच मीडियमवर ठेवून पेटी वाजवली, की द्रुत तानेत एकेक स्वर उगाच उसळतो आणि दुसरा बुडतो. आणि आपला वादक म्हणतो, यात पेटीची मजा नाही. नसणारच. त्याने भाता काढून ठेवला आणि त्या जागी बोटांना हातोडे बांधले.

या भाषेत आपल्याला जागा किती दिली होती, हेही सांगितले पाहिजे. १९९१ साली जनरल मिडी नावाची एकशे अठ्ठावीस आवाजांची प्रमाण यादी ठरली. तिच्यात पहिले आठ क्रमांक पियानोच्या कुळाला आहेत. १०५ ते ११२ हे आठ क्रमांक 'एथ्निक' या सदराखाली. सतार १०५ वर, मग बँजो, शामिसेन, कोटो, कलिंबा, बॅगपाइप, फिडल, आणि ११२ वर शहनाई, तीही 'शानाई' असल्या स्पेलिंगने. भारत, जपान, आफ्रिका आणि स्कॉटलंड मिळून आठ खुंट्या! तबला नाही, तंबोरा नाही, सारंगी नाही, बासरी नाही. पेटी हवी असेल तर २१ व्या 'रीड ऑर्गन'मध्ये शोधावी. यावर संतापून पाठ फिरवता येते. आम्ही मात्र याचा अर्थ असा घेतो, की ज्या भाषेच्या मांडणीत आपण नव्हतो तिच्यातल्या मोकळ्या जागा आपणच भरायला हव्यात. आणि त्या जागा मेनूत आहेत.

त्यांतली सर्वांत मोठी मोकळी जागा म्हणजे टेम्परामेंट. आत्माहीनतेचा आरोप नवा नाही. तो पेटीवर झाला होता, आणि फार मोठ्या माणसांनी केला होता. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ती अंशतः उठेपर्यंत तीन दशके गेली. आरोपांचा गाभा दुहेरी होता : पेटीत मींड नाही, आणि तिचे स्वर समविभाजित, म्हणजे खोटे. दुसऱ्या आरोपात तथ्य होते. समविभाजनात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक तंबोऱ्यासमोर बसलेल्या कानाला दगडासारखा लागतो. धैवत १६ सेंट वर, निषाद १२ सेंट वर. आपल्या लोकांनी हा प्रश्न सोडवण्यासाठी काय काय केले! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटी घडवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून वाद रंगले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. आजही एकल वादन करणारे पेटीवादक सूर घासून गांधार ट्यूनिंग करून घेतात, आणि एकदा षड्ज ठरला की ती पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवता येत नाही.

आणि इथे, मध्यम किमतीच्या कितीतरी डिजिटल पियानोंत, टेम्परामेंट नावाच्या पानावर समविभाजित, शुद्ध मेजर, शुद्ध मायनर, पायथागोरियन, मीनटोन, वर्कमायस्टर, किर्नबर्गर अशी यादी हारीने मांडलेली असते, शेजारी आधारस्वर निवडायची सोय असते, आणि ते पान कोणी उघडत नाही! 'शुद्ध मेजर' निवडा, आधारस्वर काळी एक किंवा काळी चार जो आपला षड्ज असेल तो करा, आणि तंबोरा सुरू करून यमनचा गांधार दाबा. ज्या फरकासाठी देवलांनी आयुष्य वेचले तो दोन बटणांवर आहे. दोन सावधगिरीच्या सूचना मात्र हव्यात. ट्रान्स्पोज वापरणाऱ्यांनी आधारस्वर त्यासोबत सरकतो की जागीच राहतो हे कानाने तपासावे, कारण याबाबत सगळी वाद्ये एकसारखी वागत नाहीत. चूक झाली तर समविभाजनापेक्षाही वाईट ऐकू येते. आणि कोणताही एक तयार संच सर्व रागांना पुरणार नाही. कोमल स्वरांच्या जागा रागागणिक हलतात. बारा स्वर स्वतंत्रपणे जुळवू देणारे वाद्य मिळाले तर उत्तम. मिडीतही ही सोय १९९२ पासून प्रमाण स्वरूपात आहे. बाजारात तिला गिऱ्हाईक नाही, कारण मागणारे कोणी नाही, आणि ज्यांनी मागायला हवे ते 'आत्मा' शोधत बसले आहेत.

मींडेचा आरोप मात्र आम्ही मान्य करतो. पियानोच्या पट्टीतून मींड येणार नाही आणि कोणतेही सेटिंग ती आणणार नाही. पिच बेंडचे चाक असले तरी ते त्या चॅनलवरचे सगळे स्वर एकदम वाकवते. खाली धरलेला षड्जही सोबत घसरतो. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वराला वेगळे चॅनल देऊन ही अडचण दूर करतात, पण त्यासाठी पट्टीच वेगळ्या जातीची लागते. खोटा दावा करून आमची बाजू बळकट होणार नाही.

यावर कोणी म्हणेल, कलावंताने हे सगळे का शिकावे? मैफिलीच्या पियानोवादकाकडे ट्यूनर असतोच ना? असतो, आणि कोणत्याही मोठ्या वादकाने आपल्या ट्यूनरला 'तुला वाटेल तसे कर' असे सांगितलेले नाही. पट्टी किती खोल जावी, हातोड्याचा नमदा किती मऊ असावा, यावर ते तासन्‌तास हुज्जत घालत आले आहेत. ट्यूनरचे हात उसने घेता येतात, कान नाही. डिजिटल पियानोच्या घरी ट्यूनर येत नाही. तिथे वादकाला दोन्ही व्हावे लागते, आणि दुसरे काम पहिल्याइतके अवघड मुळीच नाही.

उत्पादकांना मात्र आम्ही सोडणार नाही. टच बदलण्यासाठी एक बटण दाबून धरून कीबोर्डच्या तळाच्या अमुक पट्टीवर टिचकी मारायची, ही रचना ज्याने शोधली त्याने वाद्याचा दर्शनी भाग सुंदर ठेवला आणि वाद्य वादकापासून लपवले. माहितीपुस्तिका सतरा भाषांत असतात. मराठी पुस्तिका आमच्या पाहण्यात आलेली नाही. विक्रेते चाळीस तालांचे प्रदर्शन करतात आणि टेम्परामेंटचे नाव काढत नाहीत. आणि संगीताच्या शिक्षकांपैकी ज्यांनी या विषयावर शिष्याशी अर्धा तास तरी घालवला असे किती असतील? तंबोरा जुळवायला शिकवायला ज्यांनी महिना लावला असता तेच इथे 'मुलाच्या बाबांना विचार' म्हणतात.

आता नवी आशा मिडी २.० ची. जानेवारी २०२० मध्ये ते मान्य झाले. वेलॉसिटीला १२७ ऐवजी पासष्ट हजारांवर पायऱ्या, पेडलसारख्या कंट्रोलरना त्याहून कितीतरी अधिक, आणि प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची तरतूद. चांगलेच आहे. परंतु पायऱ्या वाढल्या म्हणून चुकीचा वक्र बरोबर होत नाही, तो अधिक बारकाईने चुकतो एवढेच. हो-नाहीचा खटका पायाखाली ठेवून बत्तीस बिटांच्या पेडलची वाट पाहणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू, की आज हाती असलेल्या वाद्याची पुस्तिका काढावी आणि तिच्यात 'बॅकअप' या शब्दाखाली वाद्य बंद केल्यावर काय स्मरणात राहते आणि काय पुसले जाते, ते वाचावे. पुष्कळ वाद्यांत टच राहतो आणि टेम्परामेंट जाते. काहींत सारेच जाते. जे जाते ते एका कागदावर लिहून वाद्याच्या बाजूला चिकटवावे : टच कोणता, पेडल कोणत्या प्रकारचे, लोकल चालू की बंद, षड्ज कोणता, संच कोणता. शिकवणीत चार वाद्ये असतील तर चार कागद लागतील, आणि प्रत्येक मुलाच्या वहीत एक.